लांडगा माणसाच्या कातडीतूनच बाहेर यायला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत सिनेमातल्या राक्षसांवर आणि व्हीएफएक्सवर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेल्या दृश्यांवर, लेख आला होता तो आवडीने वाचला. पण त्यात एक वाक्य असं होतं की जुन्या सिनेमातले वेअरवुल्फ (म्हणजे लांडगा होणारी माणसं) नुसते रबराचे मुखवटे, आणि खरा लांडगा पडद्यावर दिसला तो कॉम्प्युटर आल्यावरच. ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहितोय. मला वेअरवुल्फचे सिनेमे लहानपणापासून आवडतात, मिळाले तेवढे सगळे बघितलेत, काही तर पाच-पाच सहा-सहा वेळा, आणि माझा अनुभव नेमका उलटा आहे.

बाकीचे राक्षस पडद्यावर येतात ते राक्षस होऊनच येतात. ड्रॅक्युला पहिल्या सीनलाच ड्रॅक्युला असतो, झॉम्बी उठतो तो मेलेलाच. वेअरवुल्फचं तसं नाही, तिथे एक साधा माणूस आपल्या डोळ्यांदेखत बदलत जातो, त्याला बदलायचं नसतं, त्याची हाडं मोडत असतात, आणि आता आपल्या हातून कुणीतरी मरणार हे त्याला कळत असतं. म्हणून मी कुठलाही वेअरवुल्फ बघताना एकच गोष्ट बघतो, लांडगा झाल्यावरही आतला तो माणूस मला दिसतोय का? दिसत असेल तर डिझाईन जमलं. नसेल तर ते नुसतं एक केसाळ जनावर, मग त्याचा एकेक केस कितीही खरा वाटू दे.

१९४१ चा ‘द वुल्फ मॅन’ घ्या. जॅक पियर्स नावाच्या मेकअपमनने लॉन चेनी ज्युनियरच्या चेहऱ्यावर रबराचं नाक लावलं आणि याकचे केस चिकटवले. तो चेहरा लांडग्यासारखा फारसा दिसत नाही हे मान्यच आहे, पण डोळे चेनीचेच आहेत आणि त्या डोळ्यांत अपराधीपणा आहे. आणि बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं, त्या सिनेमात माणसाचा लांडगा होताना चेहरा दाखवलेलाच नाही, फक्त पाय दाखवलेत, पायांवर केस वाढत जातात एवढंच. चेहरा बदलताना दिसतो तो अगदी शेवटी, मेल्यानंतर, लांडग्याचा परत माणूस होताना. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, मेकअप थोडा बदलायचा, परत शॉट घ्यायचा, परत बदलायचा, आणि सगळे शॉट एकमेकांत विरघळवायचे. त्याच्याही आधी १९३५ च्या ‘वेअरवुल्फ ऑफ लंडन’मध्ये हेन्री हल खांबांच्या रांगेमागून चालत जातो, आणि प्रत्येक खांबामागून बाहेर येतो तेव्हा थोडा जास्त लांडगा झालेला असतो. कट लपवायला खांब. इतकी साधी युक्ती, पण बघताना आपण पुढच्या खांबाची वाट बघत बसतो.

मग १९८१ साल. या एका वर्षात दोन असे सिनेमे आले की त्यानंतरचा प्रत्येक वेअरवुल्फ त्यांच्याशीच ताडून बघितला जातो. दिग्दर्शक जो दान्ते यांचा ‘द हाऊलिंग’ आणि जॉन लँडिसचा ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’. ‘द हाऊलिंग’च्या मेकअपचं काम आधी रिक बेकर या मेकअपमनकडे होतं, तो लँडिसच्या सिनेमाकडे गेला आणि ते काम रॉब बॉटिनकडे आलं, तेव्हा बॉटिन जेमतेम विशीचा पोरगा होता. त्याने लेटेक्सच्या, म्हणजे पातळ रबराच्या, कातडीखाली हवेच्या पिशव्या बसवल्या, त्या फुगवल्या की गाल आणि कपाळ आतून उकळल्यासारखं हलायला लागतं. त्याचा लांडगा दोन पायांवर उभा, उंच, मोठ्या कानांचा, आणि मला आजही तो दिसायला सगळ्यात भीतिदायक वाटतो. त्याच सिनेमात शेवटी टीव्हीवर बातम्या देणारी नायिका बदलते ते डिझाईन मात्र मला अजिबात पटत नाही, फारच गोंडस झालंय, त्या प्रसंगाचं दुःख त्यात मावत नाही.

बेकरने केलं ते वेगळंच. लँडिसला माणसाचा लांडगा होण्याचा सीन अंधारात नको होता, घरातले दिवे लावलेले, मागे एक हळुवार जुनं गाणं चालू, आणि नायक झालेला डेव्हिड नॉटन जमिनीवर पडून ओरडतोय. कुठेही लपायला सावली नाही! हात आपल्यासमोर लांब होतो, तळवा ताणला जातो, तो हात म्हणजे आतून ढकलून लांब करायचं एक यंत्र आहे. केस उगवताना दिसतात तिथे नकली कातडीत केस ओवून ते मागून आत ओढलेत आणि फिल्म उलटी चालवली आहे. एका शॉटमध्ये नॉटनचं खरं शरीर जमिनीला पाडलेल्या भोकातून खाली आहे, वर दिसतो तो त्याचा चेहरा, आणि जमिनीवर पसरलेलं बाकी धड खोटं. पूर्ण झालेला लांडगा चार पायांवर चालतो, त्याच्या आत एक माणूस आहे, पुढचे पाय त्याचे हात आणि मागून त्याला हातगाडीसारखं ढकललंय. लांडग्याचा चेहरा तर बेकरने स्वतःच्या पाळलेल्या कुत्र्यावरून घेतला होता. मेकअपचं ऑस्कर तेव्हा नुकतंच दरवर्षी द्यायचं ठरलं होतं आणि त्या वर्षी ते पहिल्यांदा मिळालं ते बेकरला.

मला यातून जे कळलं ते सांगतो. सगळं एका शॉटमध्ये दाखवणं बेकरला शक्यच नव्हतं, म्हणून त्याला तुकडे करावे लागले, आधी हात, मग पाय, मग पाठीचा कणा, मग तोंड. आणि प्रत्येक तुकड्याच्या मधे परत नॉटनचा स्वतःचा चेहरा येतो, घामाने भिजलेला, मदत मागणारा. आपण प्रत्येक अवयवाबरोबर एकेकदा दुखतो. कॉम्प्युटरला ही अडचण नाही, तो सगळं शरीर एकदम पाच सेकंदात बदलून देतो, कॅमेरा चहूबाजूंनी फिरतो, आणि नेमकं त्यामुळेच काही दुखत नाही.

हे मी हवेत बोलत नाहीये, जोड्या लावून बघा. नील जॉर्डनचा ‘द कंपनी ऑफ वुल्व्हज’ १९८४ चा, त्यात एक माणूस स्वतःच्या चेहऱ्याची कातडी स्वतःच्या हातांनी सोलून काढतो आणि खालचं लाल मांस दिसतं, तो सीन मला बघवत नाही. वीस वर्षांनी २००४ मध्ये ‘व्हॅन हेल्सिंग’ आला, त्यातही लांडगा माणसाची कातडी फाडूनच बाहेर येतो, म्हणजे कल्पना जवळपास तीच, पैसा कितीतरी जास्त, पण ती कातडी कागदासारखी फाटते, त्या देहाला वजनच नाही. किंवा लँडिसच्या लंडनवाल्या सिनेमानंतरचा ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन पॅरिस’ बघा, १९९७ चा. लांडगे कॉम्प्युटरवर केलेत आणि ते जमिनीवर धावतात की जमिनीच्या वर तेच कळत नाही. लंडनचा लांडगा त्याच्याहून सोळा वर्षांनी जुना आहे, आजही बघताना खोलीत असल्यासारखा वाटतो.

सगळ्यात वाईट वाटतं ते २०१० च्या ‘द वुल्फमॅन’चं. बेनिसियो देल तोरोला मेकअप करायला खुद्द रिक बेकर होता, त्याने जॅक पियर्सच्या चेहऱ्याला मान देऊनच नवा चेहरा बनवला, आणि त्यासाठी त्याला डेव्ह एल्सीबरोबर परत ऑस्कर मिळालं, त्याचं सातवं. पण माणसाचा लांडगा होण्याचा सीन त्याला करू दिला नाही, तो कॉम्प्युटरकडे गेला, आणि बेकरने नंतर त्याबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली. ज्या माणसाने ते काम जगाला दाखवलं तोच सेटवर उभा आहे, आणि नेमकं तेच काम दुसरीकडे पाठवलं! मी तो सिनेमा बघतो तेव्हा मेकअपमधला देल तोरो आला की पुढे सरकून बसतो, आणि बदलायचा सीन आला की ती सगळी भीती निघून जाते.

याचा अर्थ कॉम्प्युटर नकोच असं मी म्हणत नाही. तारा, दोऱ्या, सूटमधल्या माणसाचे पाय पुसून टाकायला तो लागतोच. आणि चांगलं डिझाईन कॉम्प्युटरमधूनही येतं, हॅरी पॉटरच्या तिसऱ्या सिनेमातला, लांडगा होणारा प्राध्यापक ल्युपिन आठवा, २००४ चाच. किडकिडीत, पाठीला पोक, अंगावर केस जवळजवळ नाहीतच, एखाद्या जुनाट आजाराने खंगलेल्या माणसासारखा. ल्युपिनसाठी लांडगा होणं म्हणजे आजारच आहे, त्यामुळे ते डिझाईन कथेच्या पोटातून आलंय आणि मला मनापासून आवडतं. उलट २०२५ चा ‘वुल्फ मॅन’ बघा, त्यात बराचसा भाग प्रॉस्थेटिक, म्हणजे अंगावर नकली कातडी चिकटवून केलेल्या, मेकअपचाच आहे, तरी तो पुरेसा लांडगा दिसत नाही म्हणून अनेकांची निराशा झाली. मला शेवटचा चेहरा पटला नाही पण मधली वाट पटली, त्याला बायकोमुलीचं बोलणं हळूहळू कळेनासं होतं, अंधारात वेगळं दिसायला लागतं, तो स्वतःचाच हात चावतो. आणि २०२२ च्या ‘वेअरवुल्फ बाय नाईट’मध्ये तर बदल होताना कॅमेरा समोरच्या बाईच्या घाबरलेल्या चेहऱ्यावर आहे आणि लांडगा होणाऱ्याची नुसती सावली मागच्या भिंतीवर. १९४१ मध्ये फक्त पाय दाखवले होते, इथे फक्त सावली, आणि दोन्ही वेळा काम झालं.

तुमच्या लेखाच्या शेवटी वाचकांना विचारलं होतं की तुमचा आवडता कोणता. बदलण्याचा सीन म्हणाल तर १९८१ चा लंडनचाच, त्याला तोड नाही. पण पूर्ण झालेला लांडगा म्हणाल तर नील मार्शलच्या २००२ च्या ‘डॉग सोल्जर्स’मधले, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एका घरात अडकलेले सैनिक आणि बाहेर हे. कमी पैशात केलेला सिनेमा, सगळे लांडगे म्हणजे सूट घातलेली माणसं, सडपातळ, लांब हातांचे, इतके उंच की घरात शिरल्यावर डोकं छताला लागेल असं वाटतं. ते कधीच पूर्ण उजेडात फार वेळ दिसत नाहीत. दाराच्या फटीतून एक हात आत येतो, आणि समोरचा नट त्या हाताशी खरोखर झटापट करतो, कारण हात तिथे आहे! लांडगा नंतर कॉम्प्युटरवर घालायचा म्हणून हिरव्या पडद्यासमोर, त्याच्या जागी धरलेल्या टेनिसच्या चेंडूकडे बघून कुणी असं झटत नाही हो.

एक विनंती आहे. लेखात दिग्दर्शकांची नावं होती, नटांची होती, पण पियर्स, बेकर, बॉटिन यातलं एकही नाव नव्हतं. पुढचा भाग येणार असेल तर ही तीन नावं छापा, आणि जमलं तर जमिनीच्या भोकात उभ्या असलेल्या नॉटनचा सेटवरचा फोटोही छापा.

आपला,
एक नियमित वाचक