रेल्वे यार्डातली क्रेन कुठे बसून चालवणार?

महोदय,

पालघर जिल्ह्यातल्या नियोजित वाढवण बंदराबद्दल आपल्या पानांवर बरंच येतं. जहाजं, मासेमारी, भराव, ७६ हजार कोटी. पण बंदराच्या रेल्वे यार्डाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. न्हावा-शेवाला मी रेक तपासायचं काम केलं, म्हणून लिहितो.

रेक म्हणजे एक मालगाडी, ४५ वाघिणींची (वॅगनची); २० फुटी बॉक्स म्हणजे कंटेनर असले तर ते ९०. गाडी लागली की चेकर एका टोकापासून निघतो. वाघिणीचा ११ आकडी नंबर, बॉक्सची चार अक्षरं नि सात आकडे, सील शाबूत आहे का, पत्रा कुठे चेपलाय का. जुलैतली रात्रपाळी, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. रंग उडालेल्या बॉक्सवर ३ आणि ८ सारखेच दिसतात. बॉक्सचा शेवटचा आकडा आधीच्या अक्षर-आकड्यांवरून हिशेबाने येतो, पण तो न जुळल्याचं कळणार ऑफिसात, नंबर संगणकात टाकल्यावर. मग पुन्हा तेवढीच पायपीट, डोक्यावर क्रेन आणि बाजूला ट्रेलरची रांग. हे काम खुशाल रुळांवरच्या, नंबर टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या कमानीला द्यावं. बॉक्सवर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी चकती) लावायला न्हावा-शेवाला २०१६ पासूनच सुरुवात झाली आहे. चेकरला फक्त शंका असलेल्या बॉक्सपाशी पाठवा.

क्रेनचं तसं नाही. गाडी दर वेळी त्याच जागी थांबत नाही आणि बॉक्स वाघिणीच्या लॉकवर नेमका बसावा लागतो. उतरवताना एखादं लॉक अडकलं आणि क्रेनने तसंच उचललं, तर बॉक्सबरोबर वाघीणही रुळावरून उठते. म्हणून क्रेन कितीही हुशार असली तरी अशा वेळी माणूस लागतोच. फक्त तो आता कॅबिनमध्ये नाही, स्क्रीनसमोर बसतो.

आणि ही स्क्रीन केबल पोचेल तिथे ठेवता येते, दुसऱ्या शहरातसुद्धा. केरळात विळिंजम बंदरात बॉक्स रचायच्या यार्डातल्या स्वयंचलित क्रेन आसपासच्या मुलीही चालवतात, त्यांत कोळी घरांतल्याही आहेत. डहाणू-पालघरच्या मुलामुलींना हे का जमू नये? पण ते आपोआप होणार नाही. आम्हा उरणकरांना तोंडी आश्वासनांची किंमत ठाऊक आहे. जमिनी संपादण्याविरुद्धच्या १९८४ च्या आंदोलनात पाच माणसं गेली, त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याचं तत्त्व मान्य झालं.

वाढवणमध्ये ७४ टक्के वाटा जेएनपीएचा (न्हावा-शेवा बंदराच्या प्राधिकरणाचा), २६ टक्के महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा. म्हणजे दोन्ही मालक सरकारीच. त्यांनी टर्मिनलच्या निविदेतच दोन अटी घालाव्यात: क्रेनची कंट्रोल रूम पालघर जिल्ह्यातच राहील, आणि क्रेनची ऑर्डर जायच्या आधी स्थानिक आयटीआयमध्ये क्रेनच्या सरावाचा सिम्युलेटर बसेल. क्रेन आल्यावर अर्ज मागवले, तर अनुभवाची अट टाकून बाहेरचेच भरले जातील. न्हावा-शेवाला आम्ही ते पाहिलंय.

– एक निवृत्त चेकर, जासई (उरण)