सुरक्षेची तपासणी मिनिटांच्या हिशोबाने व्हावी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

एखाद्या मोठ्या इमारतीत, गोदामात किंवा संग्रहालयात चोरी झाली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन-तीन वाक्ये हमखास वाचायला मिळतात. सीसीटीव्ही कॅमेरे बंद होते, रक्षक जागेवर नव्हते, आणि आता व्यवस्थापन आणखी कॅमेरे बसवणार आहे. इमारतींच्या सुरक्षा-व्यवस्थेतील कच्चे दुवे शोधण्याच्या कामाशी माझा बरीच वर्षे संबंध आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, या बातम्यांत आणि त्याहूनही अधिक त्या त्या संस्थांच्या वार्षिक तपासण्यांत, मुख्य प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. घुसखोराची चाहूल लागल्यापासून त्याला अडवायला माणूस पोहोचेपर्यंत किती वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात घुसखोर कुठवर मजल मारतो, हा तो प्रश्न.

बहुतेक तपासण्या म्हणजे मोजदाद असते. कॅमेरे किती, त्यांपैकी चालू किती, रक्षक किती, अग्निशामक नळकांडी किती, नोंदवही भरलेली आहे की नाही, अशा रकान्यांपुढे खुणा करत तपासनीस इमारतभर फिरतो आणि संध्याकाळी अहवालावर सही होते. या मोजदादीला किंमत नाही असे मी म्हणणार नाही, पण तिच्यावरून इमारत सुरक्षित आहे की नाही हे कळत नाही. कारण संरक्षणाची कामे तीन आहेत. घुसखोर आल्याचे कळणे, त्याला वाटेत रखडवणे आणि तो रखडलेला असतानाच त्याच्यापर्यंत पोहोचणे. ही तीन कामे याच क्रमाने आणि वेळेत झाली तरच त्यांचा उपयोग आहे.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, कुंपण ओलांडायला १ मिनिट लागते, आवार पार करायला १ मिनिट, बाहेरचे दार फोडायला २ मिनिटे आणि आतल्या मौल्यवान वस्तूंच्या खोलीचे दार फोडायला ४ मिनिटे. एकूण ८ मिनिटे झाली. अलार्म वाजल्यापासून रक्षकांची तुकडी पोहोचायला ५ मिनिटे लागतात. कागदावर पाहिले तर ८ मिनिटांपुढे ५ मिनिटे, म्हणजे सगळे आलबेल. पण अलार्मचा सेन्सर बाहेरच्या दाराच्या चौकटीवर आहे आणि तो दार उघडल्यावरच वाजतो. तोवर पहिली ४ मिनिटे संपलेली असतात. पुढे उरलेले आतले दार आणखी ४ मिनिटे टिकेल, आणि तुकडी ५ मिनिटांनी येईल. एका मिनिटाने लढाई हरली. त्याच दारावर पहिला घाव पडताच कंपन ओळखणारा सेन्सर बसवला, तर हाताशी ६ मिनिटे उरतात आणि तुकडी वेळेत पोहोचते. दार तेच, रक्षक तेवढेच. फरक फक्त चाहूल केव्हा लागली एवढ्याचा. जिथून पुढे उरलेला अडथळ्यांचा वेळ हा रक्षकांच्या पोहोचण्याच्या वेळेपेक्षा कमी पडतो, त्या बिंदूनंतर लागलेली चाहूल घुसखोराला अडवायच्या कामाची राहत नाही. नंतरच्या तपासाला तिचा उपयोग होईल, इतकेच.

अडथळा मिनिटांत मोजायचा ही कल्पना काही माझी नाही. युरोपीय मानक ईएन १६२७ मध्ये दारे-खिडक्यांचे प्रतिकार-वर्ग ठरवताना ठरावीक अवजारे हाती घेऊन प्रत्यक्ष फोडाफोडी करून पाहतात. त्यातल्या तिसऱ्या वर्गाच्या दाराने ५ मिनिटे तग धरायची असते आणि चौथ्या वर्गाच्या दाराने १० मिनिटे. तिजोऱ्यांच्या अमेरिकी वर्गवारीतही टीएल-१५ आणि टीएल-३० असे शिक्के असतात आणि त्यांतला आकडा मिनिटांचाच आहे. म्हणजे दार किंवा तिजोरी बनवणारा स्वतःच सांगतो आहे की, हे कधीतरी फुटणार आहे, मी तुम्हाला एवढी मिनिटे देतो. त्या मिनिटांत आपण काय करणार, हे मात्र खरेदी करणाऱ्याने ठरवायचे असते, आणि तेच ठरलेले नसते.

लंडनच्या हॅटन गार्डन भागातली एप्रिल २०१५ मधील चोरी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. ईस्टरच्या सुट्टीत चोरांनी तिथल्या तळघरातील लॉकर्सच्या दालनाची जाड काँक्रीटची भिंत छिद्रे पाडून पार केली. अलार्म वाजला नाही असे झाले नाही. मध्यरात्रीनंतर लगेचच तो वाजला आणि त्याची सूचना पोलिसांपर्यंतही गेली, पण प्रतिसादाची गरज नाही असा शेरा तिच्यावर बसला. एक सुरक्षा रक्षक येऊन बाहेरून पाहून गेला. दर्शनी दार जसेच्या तसे होते. चोर आतच होते. त्या रात्री त्यांचे अवजार निकामी झाले म्हणून ते निघून गेले आणि पुढे नवे अवजार घेऊन परत आले. उपकरण चोख होते, भिंत भक्कम होती आणि वेळही भरपूर मिळाला होता. तरीही, अलार्म वाजल्यावर कोणी काय तपासायचे आणि आत जाऊन पाहिल्याशिवाय ‘सर्व ठीक’ म्हणायचे नाही, एवढी साधी गोष्ट पक्की नसल्यामुळे सगळे वाया गेले. सामानाच्या मोजदादीत ही इमारत बहुधा उत्तीर्णच झाली असती.

संग्रहालयांच्या बाबतीतही हेच दिसते. बोस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयात १८ मार्च १९९० च्या पहाटे दोन माणसे पोलिसांच्या गणवेशात आली आणि रक्षकाने दार उघडले. मदत मागण्याचे बटण त्याच्या टेबलाशी होते, आणि त्यालाच टेबलापासून दूर यायला सांगण्यात आले. दोघे चोर ८१ मिनिटे आत होते आणि १३ कलाकृती घेऊन गेले. त्या आजतागायत सापडलेल्या नाहीत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १९ ऑक्टोबर २०२५ रोजी चोर मालवाहू शिडी लावून बाल्कनीतून शिरले. त्या बाजूचा बाहेरचा एकमेव कॅमेरा दुसऱ्याच दिशेला वळलेला होता आणि ती बाल्कनी त्याच्या टप्प्यात येत नव्हती, असे संग्रहालयाच्या संचालकांनीच नंतर फ्रान्सच्या सिनेटपुढे सांगितले. कॅमेरा होता आणि चालूही होता.

कॅमेऱ्यांविषयी आणखी एक गोष्ट. पडद्यावर माणसाची आकृती दिसते म्हणजे कॅमेरा काम करतो, अशी समजूत सर्वत्र आहे. व्हिडिओ देखरेखीच्या आयईसी ६२६७६ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायची असेल तर दृश्यातल्या प्रत्येक मीटरला २५० पिक्सेल लागत. नुसते कोणीतरी आहे एवढे कळायला २५ पुरत. म्हणजे फाटकावरच्या कॅमेऱ्याकडून नेमके काय हवे आहे हे आधी लिहून काढले पाहिजे आणि मग रात्री, पावसात, समोरून गाडीचे दिवे डोळ्यांवर येत असताना त्याचे चित्र पाहिले पाहिजे. दिवसाढवळ्या केलेल्या तपासणीत हे कधीच कळत नाही. भिंगावर विणलेले कोळ्याचे जाळे इन्फ्रारेडच्या उजेडात पांढरेफटक चमकते आणि त्यामागचे सगळे झाकून टाकते, हे रात्री दोन वाजता नियंत्रण कक्षात बसल्याशिवाय दिसत नाही.

आणि तो पडदा पाहणारा माणूस? नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या प्रश्नावरून प्रयोग केले आणि १९४८ मध्ये निष्कर्ष मांडला की, क्वचितच घडणाऱ्या गोष्टीची वाट पाहत बसलेल्या माणसाचे लक्ष पहिल्या अर्ध्या तासातच ढळू लागते. त्याला इतकी वर्षे झाली, तरी अजून बारा-बारा तासांच्या पाळीत एका माणसापुढे कित्येक पडदे मांडले जातात आणि काही निसटले की त्यालाच निलंबित केले जाते. हा त्या माणसावर अन्याय आहे, आणि खरी त्रुटीही तशीच राहते.

खोट्या अलार्मचा प्रश्न तर मला सर्वांत गंभीर वाटतो. वारा, मांजर, उंदीर, सैल झालेली चौकट, हलणारी फांदी यांमुळे अलार्म रोज वाजत राहिला की माणसे तो ऐकायचे थांबतात. एका नियंत्रण कक्षात मी बझरच्या जाळीवर चिकटपट्टीचे तीन थर चढवलेले पाहिले. तिथल्या कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण रात्रीत कितीतरी वेळा कर्कशणाऱ्या त्या यंत्राबद्दल त्यांनी केलेल्या लेखी तक्रारी त्याच टेबलाच्या खणात होत्या. मूल्यमापन करणाऱ्याने सर्वांत आधी मागायची वस्तू कोणती, तर गेल्या काही महिन्यांची अलार्मची नोंद. कोणता सेन्सर किती वेळा वाजला, कशामुळे वाजला आणि प्रत्येक वेळी कोणी जाऊन काय पाहिले, हे तिच्यात सापडले पाहिजे. ‘कारण’ या रकान्यात ओळीने ‘तांत्रिक बिघाड’ असेच लिहिलेले असेल, तर कच्चा दुवा तिथेच सापडला.

या सगळ्याचे सर्वांत धक्कादायक उदाहरण अमेरिकेतील टेनेसी राज्यातले, ओक रिज येथील वाय-१२ हे अण्वस्त्र-संकुल आहे. २८ जुलै २०१२ रोजी तीन शांतता कार्यकर्ते, ज्यांत ८२ वर्षांच्या ख्रिस्ती जोगीण (नन) मेगन राइस होत्या, कुंपणे कापून संपृक्त युरेनियमच्या साठ्याच्या इमारतीच्या भिंतीपर्यंत पोहोचले. त्यांच्याकडे तार कापण्याची साधी अवजारे होती. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालात बंद पडलेले कॅमेरे, वारंवार वाजणारे खोटे अलार्म आणि दुरुस्तीतली दिरंगाई यांची नोंद आहे. भिंतीवरच्या हातोड्याचा आवाज आतल्या रक्षकांना ऐकूही गेला होता, पण दुरुस्तीचे कामगार असतील असे त्यांना वाटले. याच संकुलात जून २००३ मध्ये बनावट हल्ल्याचा सराव झाला होता, आणि त्याआधी काही रक्षकांना हल्ल्याचे आराखडे पाहायला मिळाले होते, असे चौकशीत निघाले. २०१२ च्या घटनेनंतर तर रक्षकांच्या ज्ञानाची परीक्षा ठरली, आणि तिची प्रश्नपत्रिका उत्तरांसह गस्तीच्या गाडीत सापडली. जिथे परीक्षेआधीच उत्तरे वाटली जातात, तिथे उत्तम गुण मिळालेली इमारत किती पाण्यात आहे हे पहिला खरा घुसखोर येईपर्यंत कोणालाच समजत नाही.

म्हणून चाचणी प्रत्यक्ष आणि न कळवता व्हायला हवी. मालकाची लेखी परवानगी असावी, ती कोणाला माहीत आहे हे ठरलेले असावे, आणि चाचणी करणाऱ्याच्या खिशात त्या परवानगीचे पत्र असावे, म्हणजे कोणाला इजा होण्याची वेळ येणार नाही. घड्याळ लावून मोजावे. नियंत्रण कक्षात अलार्म कधी दिसला, तो खरा की खोटा हे ठरवायला किती वेळ गेला, निरोप कधी गेला, पहिला माणूस कधी पोहोचला? यांतला दुसरा वेळ बहुतेक अहवालांत शून्य धरलेला असतो, आणि सर्वाधिक मिनिटे नेमकी तिथेच गळतात.

हे करताना साध्या गोष्टींकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. भारी कुलूप लावलेल्या दाराच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतात आणि त्यांच्या खिळी कोणालाही काढता येतात. मजबूत भिंत खोट्या छताच्या वर जाऊन थांबते आणि शेजारच्या खोलीतून वरून वाट मोकळी असते. नोकरी सोडून गेलेल्यांची कार्डे अजून चालू असतात. मास्टर किल्ली कोणाकडे आहे याची शेवटची नोंद फार जुनी असते. मागचे दार दिवसभर खुर्ची लावून उघडे ठेवलेले असते, कारण माल आत घेणाऱ्याला दर वेळी कार्ड दाखवणे शक्य होत नाही. या शेवटच्या बाबतीत खुर्ची काढायला लावणे हा उपाय नव्हे. मालाची वाट वेगळी करून द्यावी लागते.

एक इशाराही देणे भाग आहे. घुसखोर अडवण्याच्या भरात आतल्या माणसांची बाहेर पडण्याची वाट अडवली जाऊ नये. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी लागलेल्या आगीत १४६ कामगार मेले, आणि बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. कामगार चोरी करतील या भीतीने ते तसे ठेवले जाई. कोणतेही सुरक्षा-मूल्यमापन अग्निसुरक्षेचा विचार बाजूला ठेवून करू नये. आतून एका धक्क्यात उघडणारे आणि उघडताच अलार्म देणारे दार दोन्ही गरजा भागवते.

मूल्यमापन कोणी करावे, हेही महत्त्वाचे आहे. कॅमेरे विकणाऱ्या कंपनीने केलेल्या मोफत पाहणीत त्रुटी नेहमी कॅमेऱ्यांच्या संख्येतच सापडते, आणि रक्षक पुरवणाऱ्या ठेकेदाराला रक्षकच कमी वाटतात. विक्रीशी हितसंबंध नसलेल्या माणसाकडे हे काम द्यावे, आणि त्याचा अहवाल मोजक्या जबाबदार लोकांच्याच हाती राहील याची काळजी घ्यावी, कारण त्रुटींची यादी चोराच्या हाती पडली तर त्याचे निम्मे काम झालेच. मात्र गोपनीयतेच्या नावाखाली ती यादी कपाटात पडून राहता कामा नये. प्रत्येक त्रुटीपुढे जबाबदार व्यक्ती आणि मुदत लिहावी, आणि दुरुस्तीनंतर तीच चाचणी, त्याच दारावर, त्याच वेळी पुन्हा घ्यावी.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी विनंती एवढीच आहे की, यापुढे अशा चोरीची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी किती कॅमेरे बंद होते याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिला अलार्म किती वाजता वाजला, पहिला माणूस किती वाजता पोहोचला, आणि त्या इमारतीत न कळवता घेतलेली शेवटची चाचणी केव्हा झाली होती. तपासाला बाधा येत नसेल तेव्हा व्यवस्थापनाने दिलेली उत्तरे छापावीत, आणि उत्तर मिळाले नाही तर तेही छापावे.

आपला विश्वासू,
एक वाचक