आमच्या बिबट्याला चाल देणाऱ्या काकांना

ती. स्व. काका आणि काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालायचं नाही, असं तुम्ही बजावलंत म्हणून घातलेलं नाही. आभार मात्र चारचौघांतच मानणार आहे. पुण्यातल्या एका घराच्या मागच्या पडवीत बाहुल्या घडतात आणि बाहुल्यांचं वेड असलेल्या कुणालाही तिथं बसायला जागा मिळते, हे माझ्यासारख्या आणखी शिक्षकांना कळायला हवं.

जुन्नर तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा उसाच्या मळ्यांना लागून आहे. बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते, तोडणी सुरू झाली की आसरा जातो आणि मग वस्तीजवळ तिची गाठ पडते. अंधारात एकट्यानं जायचं नाही, मोबाइलवर गाणी लावून चालायचं, शेतात वाकून बसायचं नाही, हे सगळं मुलांना पाठ होतं. पाठ असणं वेगळं आणि संध्याकाळी आठवणं वेगळं. म्हणून यावरच मुलांचं बाहुल्यांचं नाटक बसवायला घेतलं. मुलांचा एकच हट्ट होता: बिबट्या खराखुरा चालला पाहिजे. हातात घालायच्या बाहुल्या मला करता येत होत्या, दोऱ्यांवर चालणारं चार पायांचं जनावर मात्र माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही पटाशी बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "आधी मांजर बघ." पडवीत तुमची मांजर होतीच. ती दबकत चालली की पुढचा पाय जिथून उचलला जातो, जवळजवळ तिथंच मागचा पाय पडतो. हे नीट दिसेपर्यंत तुम्ही मला लाकडाला हात लावू दिला नाहीत. मग पांगाऱ्याचे तीन ठोकळे घेतलेत: खांदा, पोट आणि मागचा भाग. सावंतवाडीची खेळणी ज्या लाकडाची करतात तेच हे, हलकं आणि पटाशीला मऊ. ठोकळे चामड्याच्या पट्टीनं जोडलेत, म्हणून पाठ लवते. पंजे कोरून त्यांत छर्रे भरलेत, कारण पाय हलके राहिले तर जनावर जमिनीवर न चालता तरंगतं. नायलॉनचा दोरा उजेडात चमकतो, तेव्हा काळा सुती दोरा मेणावून घेतलात. डोक्याला दोन, खांद्याला एक, मागे एक. वरची दांडी हळूच पुढे कलवली आणि बिबट्यानं खांदा खाली टाकून पाऊल उचललं, तेव्हा मी मोठ्यानं ओरडले होते. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या होत्या!

पण तुमच्याकडून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट ती बाहुली नव्हे. तुमच्या घरी जमणारी माणसं मिळाली, ती मोठी. बाहुलीवाला एरवी एकटा असतो. गावात त्याच्यासारखा दुसरा कुणी नसतो, अडलं तर विचारायचं कुणाला? तुमच्या पडवीत एकाच सतरंजीवर कुडाळजवळच्या पिंगुळीचे मामा बसलेले असतात, मुंबईच्या बोलक्या बाहुल्यांच्या ताई असतात आणि नुकतीच नोकरी सोडून या वाटेला आलेला एखादा मुलगाही असतो. तमिळनाडूच्या बोम्मलाट्टमात बाहुलीचे दोरे सूत्रधाराच्या डोक्यावरच्या कड्याला बांधलेले असतात, हे मी पहिल्यांदा तिथंच ऐकलं आणि लगेच एकानं बांगडी डोक्यावर ठेवून करून दाखवलं. राजस्थानी कठपुतळीला पाय का नसतात आणि घेरदार घागऱ्याच्या एका गिरकीत ती चालल्याचा भास कसा होतो, यावर तर जेवणं थंड झाली.

बिबट्या त्या बैठकीत मी भीतभीतच काढला. मामांनी शेपटी हातात तोलली आणि अजून जड करायला सांगितली. ताई मात्र म्हणाल्या, "आधी दिसूच देऊ नका त्याला. नुसता ऊस हलवा." आमच्या नाटकात आज पहिलं मिनिटभर फक्त ऊस हलतो. खरी पाचट बांधलीय, तिचा आवाज होतो. गावातल्या बायाबापड्या तेवढ्यानंच एकमेकींचा हात धरतात.

काका, या कलेत खूप काही घराघरांत राहिलं, आणि पुढची पिढी दुसरीकडे गेली की ते तिथंच संपलं. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं आणि ठाकर समाजाच्या चित्रकथी, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायची चित्रं, नि बाहुल्या येईल त्याच्यासमोर मांडल्या. 2021 ची पद्मश्री त्यांना मिळाली, ही गोष्ट तुम्ही प्रत्येक नव्या माणसाला स्वतःला मिळाल्यासारखी सांगता. तुम्हीही तेच करताय असं मला मनापासून वाटतं. तुमचे कागदी साचे खुंटीला टांगलेले असतात, ज्याला हवा त्यानं काढून गिरवून न्यावा. उभ्या आयुष्याची कमाई अशी उघड्यावर ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि काकू, तुमचे आभार वेगळे मानायचेत. जुन्या साड्यांचे काठ रंगांप्रमाणे लावून ठेवलेले ते डबे नसते तर आमच्या नाटकातली आजी उघडीच राहिली असती. तिच्या इरकली लुगड्यावर गावातल्या खऱ्या आज्यांचा जीव जडलाय. आल्यागेल्याचं चहापाणी बघून, रात्री पाहुणे निघून गेल्यावर तुम्ही दिव्याखाली बाहुल्यांच्या चोळ्या शिवत बसता, हे त्या बैठकीत फारसं कुणी बोलत नाही. मी बोलतेय.

या 21 मार्चला, जागतिक बाहुली दिनाला, मुलांना घेऊन येते. बिबट्याच्या कमरेची पट्टी सैल झालीय, ती तुमच्यासमोर मुलांनीच बदलावी असं मनात आहे. चामडं मी आणते, तुम्ही फक्त शेजारी बसा.

तुमची,
जुन्नरची बाई