खोकला किती दिवस चालणार, हे आधी सांगा

महोदय,

दिवाळी आटोपते, थंडी उतरते, कापसाची वेचणी जोरात येते आणि खानदेशातल्या गावोगावच्या मेडिकलवर संध्याकाळी सातनंतर एकच मागणी वारंवार ऐकू येऊ लागते : "खोकला जास नही भाऊ, पावरनी गोयी दे." मागणाऱ्याजवळ डॉक्टरांची चिठ्ठी नसते. असते ती गेल्या वर्षीच्या औषधाची रिकामी पट्टी, किंवा शेजाऱ्याकडून आणलेला तिचा एक तुकडा. तो कात्रीने असा कापलेला असतो की औषधाच्या नावाची तीन अक्षरे तेवढी उरतात आणि मुदत संपण्याची तारीख कापलेल्या भागाबरोबर गेलेली असते. एवढ्या ऐवजावर अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या हातात पडतात, आणि कधी कधी दोनच, कारण तिसरीपुरते पैसे नसतात. सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीवर अनेक वर्षे काम केलेला औषधनिर्माण अधिकारी या नात्याने या व्यवहाराबद्दल चार शब्द लिहावेसे वाटतात, कारण त्याबद्दल बोलताना बहुतेक वेळा रुग्णाच्या अडाणीपणाला दोष देऊन विषय मिटवला जातो आणि ते मला पटत नाही.

रुग्णाचा अनुभव त्याच्यापुरता खरा असतो. सर्दी झाली की पहिले दोन दिवस तो हळद-दूध, काढा, वाफ यांवर काढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त होतो, अंग मोडून येते, नाक बंद होते, आणि नेमका त्याच दिवशी तो गोळी घेतो. विषाणूंमुळे होणारी साधी सर्दी त्यानंतर आपोआपच उतरणीला लागते. पाचव्या-सहाव्या दिवशी बरे वाटते आणि श्रेय गोळीला जाते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसा हा प्रकार आहे. पण ज्याच्या डोळ्यांदेखत तीनदा फांदी मोडली, त्याला कावळ्याचा दोष नाही हे नुसत्या भित्तिपत्रकाने कसे पटावे?

यातला कळीचा मुद्दा दिवसांचा आहे. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना विचारले होते की खोकला साधारण किती दिवस टिकेल असे तुम्हाला वाटते. बहुतेकांचे उत्तर सात ते नऊ दिवसांच्या घरात होते. प्रत्यक्षात, अँटिबायोटिक न घेतलेल्या रुग्णांच्या उपलब्ध नोंदी एकत्र केल्यावर अशा तीव्र खोकल्याची सरासरी सुमारे अठरा दिवस निघाली. म्हणजे आठवडा उलटल्यावर "अजून खोकला आहे, म्हणजे आत काहीतरी बिघडले आहे" असे रुग्णाला वाटते, तेव्हा त्याचा आजार ठरल्या वेळापत्रकानेच चाललेला असतो. हे वेळापत्रक त्याला कोणीच सांगितलेले नसते. आपल्याकडे तर अपेक्षा सात दिवसांचीही नसते. दुसऱ्या दिवशी गुण आला नाही तर डॉक्टर बदलला जातो, आणि तिसरा डॉक्टर खिशात पडलेल्या दोन चिठ्ठ्या पाहून आणखी जोरदार औषध लिहितो.

कफाच्या रंगाबद्दलही असाच एक पक्का समज आहे. बेडका पिवळा किंवा हिरवा पडला की "इन्फेक्शन झाले" असे धरले जाते, आणि हा समज केवळ रुग्णांचा आहे असेही नाही. हिरवट रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींतील एका विकरामुळे (एन्झाइममुळे). विषाणूंशी झगडतानाही त्या पेशी श्वासनलिकेत गोळा होतात आणि कफ रंगतो. म्हणून एरवी निरोगी असलेल्या माणसाच्या बाबतीत नुसत्या रंगावरून जिवाणूंचा संसर्ग ठरवता येत नाही. सर्दी, फ्लू, बहुतांश घसादुखी आणि छातीत साचलेला कफ यांमागे विषाणू असतात, आणि अँटिबायोटिक विषाणूंना मारत नाही. पाचशे मिलिग्रॅमची गोळी असो की सलाईनमधून दिलेले औषध असो.

खानदेशात खोकल्याची आणखीही कारणे आहेत, ज्यांत जंतूंचा संबंधच नसतो. जिनिंगमध्ये रुई पिंजताना उडणारी धूळ, चुलीत घातलेल्या पऱ्हाट्यांचा धूर, उकिरड्यावर आणि बांधावर पेटवलेला पालापाचोळा, बिडी. वेचणीचा हंगाम असला की मजुरी किलोवर मिळते. एक दिवस अंथरुणावर पडणे म्हणजे त्या दिवसाची चूल अडणे. अशा बाईने "मला उद्या उभे राहायचे आहे, काहीतरी पावरफुल दे" म्हटले तर तिचा हिशेब चुकीचा नाही, तिला मिळालेली माहिती अपुरी आहे. शहरातल्या सुशिक्षित घरांत वेगळे काही घडते असेही समजू नये. तिथे मुलाची परीक्षा असते, आणि गोळीचे नाव मोबाइलवर शोधलेले असते.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे, कारण काही रुग्णांना अँटिबायोटिक खरोखर लागते आणि नेमके त्यांनाच उशीर होतो. न्यूमोनिया झालेल्या मुलाला ते वेळेवर मिळाले तर जीव वाचतो. तो ओळखण्याची एक साधी खूण गावातल्या आशाताईंना शिकवलेली असते : मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असली, तर मेडिकलवर न जाता थेट दवाखाना गाठायचा. ताप जोराचा आहे, खोकला नाही, टॉन्सिलवर पू दिसतो आणि मानेत गाठी दुखतात, अशा घशाचीही डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, कारण तिथे स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू असू शकतो आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास पुढे हृदयाच्या झडपांचा आजार जडू शकतो.

तिसरी गोष्ट क्षयाची. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी थुंकीची तपासणी करावी, असे सरकारी कार्यक्रम सांगतो आणि ही तपासणी मोफत होते. पण आपल्याकडे असा रुग्ण आधी चार मेडिकल आणि दोन दवाखाने फिरतो, आणि त्या फिरण्यात त्याला लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक गोळी मिळून जाते. या गटातील औषधे क्षयाच्या जंतूंवरही थोडी चालतात. परिणामी ताप उतरतो, खोकला हलका होतो, रुग्ण कामावर जातो, थुंकीत जंतू सापडेनासे होतात आणि आजार आतल्या आत वाढत राहतो. शिवाय जे औषध पुढे अवघड क्षयासाठी राखून ठेवायचे, त्यालाच जंतू सरावण्याचा धोका असतो. नंदुरबार आणि धुळ्याच्या डोंगराळ भागातून ऊसतोडीसाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांत निदानाचा असा महिनाभराचा विलंब म्हणजे कोपीतल्या (झोपडीतल्या) सगळ्यांना लागण होण्याची वाट मोकळी करणे होय.

"कोर्स पूर्ण करा" हा सल्ला आपण सर्वांनी ऐकलेला आहे. क्षयाच्या बाबतीत तो अक्षरशः पाळायलाच हवा. इतर संसर्गांत किती दिवस औषध घ्यायचे याबद्दल वैद्यकशास्त्राची मते अलीकडे बदलत आहेत आणि अनेक आजारांत कमी दिवसही पुरतात असे दिसून आले आहे; मात्र ते दिवस डॉक्टरांनी ठरवायचे असतात, रुग्णाने किंवा त्याच्या खिशाने नव्हे. उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवून पुढच्या खोकल्याला काढणे, किंवा मोठ्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा लहान मुलाला देणे, हे प्रकार तर पूर्णपणे बंदच व्हायला हवेत.

विनाकारण घेतलेल्या गोळीने काय बिघडते, असे विचारणारे भेटतात. जुलाब, पुरळ, क्वचित जिवावर बेतणारी अॅलर्जी हे तत्काळचे भोग झालेच. शिवाय ज्याने गोळी घेतली त्याच्या शरीरात त्या औषधाला न जुमानणारे जिवाणू पुढचे काही महिने, कधी वर्षभरही, टिकून राहू शकतात. पुढे त्याच माणसाला लघवीच्या मार्गाचा संसर्ग झाला की तेच औषध निरुपयोगी ठरू शकते. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे.

कायदा नाही असे नाही. औषध नियमांतील 'एच-१' अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झाइम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे देताना औषध दुकानदाराने डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची मात्रा यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करायची आणि ती तीन वर्षे जपायची, असे बंधन आहे. अझिथ्रोमायसिन व अमॉक्सिसिलिन 'एच' अनुसूचीत येतात; तीही चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पट्टीवरील तांबड्या उभ्या रेघेचा अर्थ (हे औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये) लोकांना कळावा म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली मोहीमही काढली होती. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र पाठवून अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी दिले याचे कारण चिठ्ठीवर नमूद करण्यास सांगितले. ती रेघ पाहून थांबणारे गिऱ्हाईक मी तरी पाहिलेले नाही, आणि कारण लिहिलेली चिठ्ठीही विरळाच दिसते.

माझी पहिली विनंती डॉक्टरमंडळींना आहे. गोळी न देता रुग्ण परत पाठवला तर तो पलीकडच्या दवाखान्यात जाईल, ही त्यांची भीती खोटी नाही. पण "काही नाही, व्हायरल आहे" एवढ्यावर त्याला वाटेला लावण्याऐवजी चिठ्ठीवर तीन ओळी लिहून देता येतील : हा खोकला दोन ते तीन आठवडे राहू शकतो, धाप लागली किंवा ताप उतरून पुन्हा चढला तर लगेच या, दोन आठवड्यांनंतरही थांबला नाही तर थुंकी तपासा. ब्रिटनमध्ये अनेक डॉक्टर अँटिबायोटिकची चिठ्ठी देऊन ठेवतात आणि ठरावीक दिवसांत बरे वाटले नाही तरच औषध घ्यायला सांगतात. आपल्याकडे ती चिठ्ठी त्याच संध्याकाळी मेडिकलवर पोहोचेल अशी मला शंका आहे, म्हणून त्यापेक्षा तीन ओळी बऱ्या. दुसरी विनंती अन्न व औषध प्रशासनाला : जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत 'एच-१' नोंदवह्या तपासताना तालुक्याच्या गावापलीकडे, आठवडी बाजाराच्या गावांतल्या दुकानांपर्यंत जावे.

आणि एक विनंती संपादक या नात्याने आपल्याकडे. केळी आणि कापसाच्या भावांची चौकट आपण नियमित छापता, ती शेतकरी घरात मोठ्याने वाचली जाते. तिच्याशेजारी खोकल्याचे दिवस, मुलांच्या श्वासांचे तीन आकडे आणि थुंकी तपासणीची आठवण एवढा मजकूर अहिराणीत आणि मराठीत छापावा. चौकट चार बोटांची असली तरी चालेल, मात्र ती ऑक्टोबर ते जानेवारी या वेचणीच्या महिन्यांत दर आठवड्याला यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
अमळनेर, जि. जळगाव