स्कॉटलंडचा हिशोब आणि आपला विदर्भ

संपादक साहेब, नमस्कार,

परवा सीताबर्डीत चहाच्या टपरीवर वेगळ्या विदर्भावरून जोरात वाद चालू होता आणि एकजण म्हणाला, स्कॉटलंडकडे बघा ना, तिथं तर ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का यावर मतदान झालं. झालं, खरंय, १८ सप्टेंबर २०१४ ला, पण ५५ टक्के लोक नाही म्हणाले आणि त्यामागं पैशाचा प्रश्न मोठा होता हे कोणी सांगत नाही.

वेगळं होण्याच्या बाजूनं बोलणारे म्हणायचे, उत्तर समुद्रातलं तेल आमचं, व्हिस्की आमची, वारा आमचा, मग खर्चाचा निर्णय लंडननं का घ्यावा? पटण्यासारखंच आहे, कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांची राख अंगावर घेणाऱ्या आपल्याला तर लगेच पटतं. पण तेल २०१४ च्या मध्यात बॅरलला १०० डॉलरच्या वर होतं ते जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली गेलं, त्यावर नव्या देशाचं बजेट उभं असतं तर शाळा-दवाखाने कशावर चालवले असते? शिवाय वेगळं झाल्यावर पाउंडात भागीदारी देणार नाही असं लंडननं आधीच सांगितलेलं, आणि स्कॉटलंडबाहेर विकला जाणारा त्यांचा निम्म्याहून जास्त माल उरलेल्या ब्रिटनमध्येच खपतो.

आपलं तसं नाही, वेगळं राज्य झालं तरी रुपया तोच, बॉर्डर नाही. मी स्वतः वेगळ्या विदर्भाच्या बाजूचाच आहे, म्हणूनच म्हणतो, आपल्या नेत्यांनी १९५३ च्या नागपूर कराराच्या (विदर्भाला महाराष्ट्रात घेताना दिलेल्या आश्वासनांच्या) आठवणी सांगण्यासोबत कोळसा, वीज, कापूस, संत्र्यातून किती येईल आणि पगार-पेन्शनवर किती जाईल हे आकड्यांसकट छापावं, तुमच्या पेपरात छापलं तर फारच बरं.

– एक वाचक, महाल, नागपूर