खाते बंद करण्याची धमकी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

निवडणुकीचा निकाल मनासारखा लागला नाही की ‘आता या देशात राहण्यात अर्थ नाही’ असे जाहीर करणाऱ्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. अमेरिकेतील २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर तर अशा बातम्यांना ऊत आला होता. त्या दिवसांत मी योगायोगाने न्यू जर्सीतील एडिसन येथे लेकीकडे मुक्कामाला होतो. तेथे जे पाहिले आणि त्यावरून जे सुचले ते कळवीत आहे. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. काटछाट करावी लागल्यास माझी हरकत नाही.

आधी माझ्या नोकरीविषयी थोडे सांगतो. चौतीस वर्षे मी एका बँकेच्या शाखेत काउंटरवर बसलो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनरांची गर्दी असायची, आणि नेमके तेव्हाच पासबुक छापण्याचे यंत्र बंद पडले की रांगेतून हमखास आवाज येई, “माझे खाते बंद करून टाका, मला तुमच्याकडे पैसे ठेवायचेच नाहीत!” मी काही न बोलता खाते बंद करण्याचा अर्ज काचेखालून पुढे सरकवत असे. तो अर्ज भरून परत आल्याचे एकही उदाहरण मला आठवत नाही. गृहस्थ अर्जाची घडी करून खिशात घालीत, मॅनेजरच्या केबिनकडे एक नजर टाकीत आणि पुढच्या महिन्यात त्याच रांगेत उभे दिसत. खरोखर खाते बंद करणारा माणूस निराळा असे. तो दुपारी गर्दी ओसरल्यावर येई, पासबुक आणि उरलेले कोरे चेक रबर लावून सोबत आणी, आणि कारण विचारले तर “मुलाकडे राहायला चाललो आहे” एवढेच सांगे. पाच मिनिटांत काम उरकून जाणारा हा ग्राहक आपण गमावला, हे शाखेत कोणाच्या लक्षातही येत नसे.

६ नोव्हेंबर २०२४ च्या सकाळी एडिसनमध्ये मला तीच रांग आठवली. लेकीच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. साठी ओलांडलेले, बोलके, मदतीला तत्पर. त्यांच्या अंगणातल्या हिरवळीवर कमला हॅरिस यांच्या नावाची पाटी महिनाभर उभी होती. त्या सकाळी ते दाताळ्याने झाडांची गळलेली पाने रस्त्याच्या कडेला ओढत होते. मी आणि जावई कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आलो, तेव्हा त्यांनी काम थांबवले आणि सांगितले की आता पुरे झाले, आम्ही दोघे कॅनडाला जाणार, बायकोने रात्रीच नोव्हा स्कोशियातील घरांच्या किमती पाहून ठेवल्या आहेत. जावयांनी सहानुभूतीचे दोन शब्द बोलून विषय आवरता घेतला.

आत आल्यावर ते बराच वेळ गप्प होते, आणि त्याचे कारण मला उशिराने उमगले. माझे जावई एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर तेथे काम करतात आणि ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेत २०१३ पासून उभे आहेत. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि त्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा सात टक्क्यांहून अधिक नसावा असा तेथील कायदा असल्यामुळे भारतीयांची रांग हलता हलत नाही. मध्येच नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर चंबूगबाळे आवरायचे. त्या पानांच्या ढिगाजवळ आम्ही तिघे उभे होतो. मला परत जाण्याची तारीख विमानतळावरच ठरवून मिळालेली होती, जावयांच्या डोक्यावर कधीही जावे लागेल ही टांगती तलवार होती, आणि ज्या एकाला तेथून कोणी हलवू शकत नव्हते तोच निघतो म्हणत होता. मत देण्याचा अधिकारही त्या एकालाच होता.

कॅनडाची ही हाक नवी नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री डोनाल्ड ट्रम्प पहिल्यांदा विजयी होत असताना कॅनडाच्या स्थलांतर खात्याचे संकेतस्थळ गर्दीने कोसळले होते. त्याआधी काही महिने कॅनडातील केप ब्रेटन बेटावरील एका रेडिओ निवेदकाने, ट्रम्प जिंकले तर आमच्याकडे राहायला या, असे गमतीचे निमंत्रण इंटरनेटवर टाकले होते आणि त्याला धो धो प्रतिसाद मिळाला होता. प्रत्यक्षात २०१६ साली कॅनडात कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळालेले अमेरिकी नागरिक आठ हजारांवर होते, ते २०१७ साली नऊ हजारांच्या आसपास गेले. बत्तीस कोटींच्या देशात हा फरक म्हणजे समुद्रातून तांब्याभर पाणी काढण्यासारखा आहे.

याचे कारण काउंटरवरच्या त्या अर्जासारखेच आहे. कॅनडा परदेशी माणसाला गुण देऊन पारखतो. वय, शिक्षण, भाषा, कामाचा अनुभव असा सगळा हिशेब असतो. वयाचे गुण तिसाव्या वर्षापासून उतरू लागतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्यावर येतात, म्हणजे आमच्या शिक्षक शेजाऱ्यांची सुरुवातच भोपळ्याने होणार होती. त्यात निवडणुकीच्या दोन आठवडे आधीच, २४ ऑक्टोबर २०२४ रोजी, कॅनडाने २०२५ साठी कायम रहिवाशांचे उद्दिष्ट पाच लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणले होते, कारण बाहेरून येणारी माणसे हा तेथील राजकारणातही कळीचा विषय झाला होता. समजा गेलेच असते, तरी पाच वर्षांत १,०९५ दिवस तेथे काढल्याशिवाय नागरिकत्वाचा अर्ज नाही, आणि नागरिकत्वाशिवाय मत नाही. शिवाय अमेरिकी नागरिक जगाच्या पाठीवर कोठेही राहिला तरी त्याला आयकराचे विवरण वॉशिंग्टनलाच भरावे लागते, त्यामुळे ज्या सरकारच्या नावाने बोटे मोडून निघायचे त्याच्याशी व्यवहार काही सुटत नाही. याच कॅनडाने जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतील एच-वन-बीधारकांसाठी १० हजार कामाचे परवाने खुले केले, तेव्हा ते दोन दिवसांच्या आत संपले होते. तेथे अर्ज भरणाऱ्यांनी कोणतीही घोषणा केली नव्हती. पासबुक आणि कोरे चेक रबर लावून आणणारी ती माणसे होती.

काही जण खरोखर गेले, हेही नमूद केले पाहिजे. टीव्हीवरील सूत्रसंचालिका एलन डीजेनरस इंग्लंडच्या ग्रामीण भागात राहायला गेल्या आणि त्यामागे निवडणुकीचा निकाल होता हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. विनोदी अभिनेत्री रोझी ओडॉनल जानेवारी २०२५ मध्ये आयर्लंडला गेल्या. दोघीही नामवंत आणि सधन. ओडॉनल यांच्याबाबत पुढे जे घडले ते मला अधिक बोलके वाटते. जुलैमध्ये ट्रम्प यांनी त्यांचे नागरिकत्वच काढून घेण्याचा विचार असल्याचे जाहीर केले. अमेरिकेत जन्मलेल्या व्यक्तीचे नागरिकत्व असे काढून घेण्याचा अधिकार अध्यक्षाला नाही, ही गोष्ट अलाहिदा. पण ‘मी जाते’ या वाक्याला जिंकलेल्या बाजूचे उत्तर ‘जाच, आणि परत येऊ नका’ असे असते, हे त्यातून कळले.

हे उत्तर आपल्याला परके नाही. कन्नड साहित्यिक आणि ज्ञानपीठ विजेते यू. आर. अनंतमूर्ती यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये, नरेंद्र मोदी पंतप्रधान झाले तर अशा देशात मी राहणार नाही, अशा आशयाचे विधान केले होते. आपण भावनेच्या भरात बोललो आणि देश सोडून जाण्याचा आपला विचार नाही, असा खुलासा त्यांनी नंतर केला. पण खुलासा कोण ऐकतो? निकालानंतर त्यांच्या नावाने पाकिस्तानच्या तिकिटाची भाषा झाली, धमक्यांमुळे त्यांना पोलीस संरक्षण द्यावे लागले, आणि २२ ऑगस्ट २०१४ रोजी बंगळूरमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा काही ठिकाणी फटाके वाजल्याच्या बातम्या आल्या. एका वृद्ध लेखकाच्या मृत्यूवर फटाके वाजवणाऱ्यांविषयी मला काहीही चांगले म्हणायचे नाही. तरी माझ्या मनात खंत राहते ती अशी की अनंतमूर्तींचे मूळ म्हणणे काय होते, त्यांना कशाची भीती वाटत होती, यावर त्या वर्षभरात कोणी बोलले नाही. सगळी चर्चा ते जाणार कधी याच प्रश्नावर झाली. त्याच प्रचारात, एप्रिल २०१४ मध्ये, भाजपचे गिरिराज सिंह यांनी मोदींना विरोध करणाऱ्यांची जागा पाकिस्तानात आहे असे म्हटले आणि निवडणूक आयोगाने त्यांच्यावर प्रचारबंदी घातली. ते वाक्य आज इतके रुळले आहे की आता त्याचे कोणाला काही वाटत नाही.

आपल्याकडे लग्नात जावई रुसून बसतो, कारण सासरे समजूत काढायला येणार याची त्याला खात्री असते. कैकेयी कोपभवनात गेली तेव्हा तिच्या हाती दोन वर शिल्लक होते. निवडणूक हरलेल्या मतदाराची समजूत काढायला जिंकलेला पक्ष येत नाही. उलट एक विरोधी मत कमी झाले म्हणून त्याला बरेच वाटते. रुसवा धरावा तर तो कोणापुढे, एवढे तरी पाहायला नको का?

जीव वाचवण्यासाठी जाणाऱ्यांना मी या हिशेबात धरत नाही. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा अल्बर्ट आइन्स्टाइन अमेरिकेत होते. ते जर्मनीत परतले नाहीत, मार्चमध्ये त्यांनी प्रशियन अकादमीचा राजीनामा दिला आणि ऑक्टोबरमध्ये प्रिन्स्टनला वास्तव्य सुरू केले. योगायोग असा की प्रिन्स्टन एडिसनहून मोटारीने जवळच आहे. लेकीने मला ते गाव दाखवले, तेव्हा शेजाऱ्यांच्या नोव्हा स्कोशियाची आठवण होऊन मी जरा ओशाळलो, हे कबूल करतो.

आता थोडे घरचे. जून २०२४ मध्ये लोकसभेचे निकाल लागले आणि महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला गेल्या, तेव्हा आमच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप गटावर पुण्याच्या एका मावसभावाने लिहिले की या देशाचे काही खरे नाही, मुलांना बाहेरच पाठवायला हवे. २३ नोव्हेंबरला विधानसभेत महायुतीने २८८ पैकी २३० हून अधिक जागा जिंकल्या, तेव्हा ठाण्याच्या चुलत बहिणीने जवळपास तेच वाक्य लिहिले. मधे सहा महिनेही गेले नव्हते, आणि मतदार तेच होते. दोघांनीही मुलांचे पासपोर्ट फार पूर्वी काढून ठेवले आहेत, त्याचा कोणत्याच निकालाशी संबंध नाही. लोकसभेला आमच्या कल्याण मतदारसंघात जेमतेम निम्म्या मतदारांनी मतदान केले. उरलेल्या निम्म्यांतही देशाविषयी निराश झालेले पुष्कळ असतील. आणि मी? विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, २० नोव्हेंबरला, मी एडिसनला होतो. विमानाची तिकिटे तारखा जाहीर होण्याआधी काढली होती, हे कारण खरे आहे, पण मत पडले नाही हेही तितकेच खरे.

भारतातून कायमचे जाणाऱ्यांची संख्या लहान नाही. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०११ मध्ये १ लाख २२ हजारांवर, तर २०२२ मध्ये २ लाख २५ हजारांवर लोकांनी भारतीय नागरिकत्व सोडले. शिक्षण, पगार, मुलांचे भवितव्य, जोडीदाराची नोकरी अशी त्यांची कारणे असतात आणि सरकार कोणाचेही असले तरी ते जातच राहिले आहेत. आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते, आणि त्यासोबत मतही. भारतीय पासपोर्ट राखून परदेशी राहणाऱ्याला मत आहे, पण ते द्यायला आपल्या गावच्या मतदान केंद्रावर हजर राहावे लागते. २०२४ च्या लोकसभेला अशा १ लाख १९ हजार नोंदणीकृत मतदारांपैकी तीन हजारही आले नाहीत, आणि जे आले त्यांतले बहुतेक केरळचे होते. मतदानासाठी विमानाने गावी येणाऱ्या त्या मल्याळी मंडळींना माझा नमस्कार.

मी मार्च २०२५ मध्ये डोंबिवलीला परतलो. तोवर शेजाऱ्यांच्या कॅनडाचे नाव कोणी काढत नव्हते. जानेवारीतल्या बर्फात त्यांनी आमच्या लेकीच्या दारासमोरची वाटही स्वतःच्या फावड्याने मोकळी केली होती. सप्टेंबरमध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा जावयांना धीर द्यायला सर्वांत आधी तेच आले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. अध्यक्षीय निवडणुकीच्या पाठोपाठच्या वर्षी ती होत असते. त्यांच्या अंगणात पुन्हा पाटी लागली, या खेपेस हॅरिस यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिकी शेरिल यांच्या नावाची, आणि शेरिल मोठ्या फरकाने निवडून आल्या. मतदान करून आल्यावर त्यांनी छातीवरचा ‘मी मत दिले’ असा गोल स्टिकर काढून माझ्या नातवाला दिला. तो सात वर्षांचा आहे, तेथेच जन्मलेला, आणि घरात पुढे कधी मत देता येईल असा सध्या तोच एकटा. स्टिकर त्याने दप्तरावर चिकटवला आहे. लेकीने फोटो पाठवला तेव्हा एक कोपरा सुटला होता, तो टेपने पुन्हा बसवलेला दिसत होता.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)