सॅन दिएगोपूर्वी बंगळुरूचा विचार व्हावा

संपादक महोदय,

फुप्फुसाच्या धमन्यांत जुन्या गुठळ्या चिकटून राहण्याच्या दुर्मीळ आजारावरील शस्त्रक्रियेसाठी घर गहाण ठेवून अमेरिकेतील सॅन दिएगोला जावे का, असा प्रश्न रुग्णाच्या कुटुंबापुढे उभा राहतो. या शस्त्रक्रियेत शरीर सुमारे 20 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून रक्ताभिसरण काही मिनिटे पूर्ण थांबवावे लागते. त्यामुळे शल्यचिकित्सकाइतकाच संपूर्ण चमूचा सरावही निर्णायक ठरतो. सॅन दिएगोतील डॉक्टरांचा अनुभव मोठा आहे, हे निर्विवाद. परंतु ही शस्त्रक्रिया बंगळुरूतही होते, आणि घर गहाण ठेवण्यापूर्वी तेथे दरवर्षी किती रुग्ण हाताळले जातात, हे विचारायला संकोच कसला? सीटी स्कॅन पाठवून परदेशी तज्ज्ञांचे मतही घेता येते. फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेल्या रुग्णाला लांबचा विमानप्रवास झेपेल का, हा प्रश्न मात्र पैशांच्याही आधीचा आहे. शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ ठेवणारे औषध सामान्यतः आयुष्यभर घ्यावे लागते, आणि त्यावर देखरेख गावाजवळचेच डॉक्टर ठेवणार असतात.

– एक वाचक, सातारा